खो-खोच्या मैदानाचा केक, तोही नियमांसकट

मुलीच्या खो-खो संघाने जिल्हा स्पर्धा जिंकली, म्हणून कोथरूडमधल्या एका घरगुती बेकर ताईंकडून दीड किलोचा एगलेस चॉकलेट केक करून घेतला. बॅट-बॉलचे केक कुठेही मिळतात. खो-खो म्हटल्यावर मात्र ताईंनी आधी मैदानाचा आराखडाच मागितला, तिथेच मला त्या आवडल्या!

बिस्किटाच्या चुऱ्याची तांबूस माती, दोन टोकांना वेफर रोलचे खांब, पांढऱ्या आयसिंगची मध्य पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. फॉंडंटच्या, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याच्या, आठ मुली एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेल्या, नववी धावणारी. केक कापण्याआधी संघाने प्रत्येकीचं तोंड कुठे आहे ते तपासलं. एकही चुकलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतला खो-खोचा पहिला महिला विश्वचषक कर्णधार प्रियंका इंगळेच्या भारतीय संघाने जिंकल्यापासून या मुलींना खो-खोबद्दल केवढा अभिमान आहे! तो इथे जपला गेला.

स्पंज मऊ, चॉकलेट कडसर, गोडवा बेताचा. फॉंडंट मात्र फारच गोड, मुलींनी बाहुल्या बाजूला काढून ठेवल्या. सोबतच्या पदकांच्या कुकीज लोणी घातलेल्या, खुसखुशीत. त्या केकच्याही आधी संपल्या.

पावसाळ्यात मागवणार असाल तर बाहुल्या वेगळ्या डब्यात मागा आणि ऐनवेळी लावा. फ्रिजमधून काढल्यावर दमट हवेत फॉंडंटला पाणी सुटतं, रंग ओघळतो. ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी लागते.