कूलिंग टॉवरला प्रक्रिया केलेलं सांडपाणी: नऊ महिन्यांनंतर

आमच्या वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरला गेले नऊ महिने नदीचं पाणी जवळपास बंद आहे. त्याऐवजी शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं. मी इथे केमिस्ट आहे. या पाण्याचे नमुने रोज तपासतो.

सुरुवात मात्र आम्ही ब्लोडाउनपासून, म्हणजे वाफ होताना मागे राहिलेल्या क्षारांमुळे टॉवरमधून सोडून द्याव्या लागणाऱ्या पाण्यापासून, केली होती, आणि इतरांनीही तिथूनच करावी. टॉवरमधून 100 भाग पाणी वाफ होऊन जात असेल आणि क्षार तिप्पट झाल्यावर पाणी सोडत असाल, तर 50 भाग ब्लोडाउनमध्ये जातात. पाचपटीपर्यंत थांबलात तर 25. म्हणजे मेकअप, टॉवरमध्ये भरावं लागणारं नवं पाणी, 150 वरून 125 वर. दहापट नेलं तरी 111 लागतंच, आणि नळ्यांत क्षार बसायची भीती वाढते. वाफेचे 100 काही वाचत नाहीत, थंडावा त्यातूनच मिळतो. ते कुठून आणायचे, एवढंच आपल्या हातात राहतं.

पहिले दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात लोड तोच, हवा तीच, तरी कंडेन्सरचा (टर्बाइनमधून आलेली वाफ टॉवरच्या पाण्याने थंड करणाऱ्या यंत्राचा) व्हॅक्यूम रोज थोडाथोडा पडायला लागला, म्हणजे वाफ नीट थंड होत नव्हती. वॉटरबॉक्स, म्हणजे नळ्यांच्या तोंडाशी असलेली पाण्याची पेटी, उघडला तर नळ्यांत बुळबुळीत थर, आणि त्याखाली राखाडी पांढरं कवच. शेवाळ्यासारखा थर धुऊन टाकला आणि कवचाचा तुकडा प्रयोगशाळेत आणून त्यावर आम्लाचा थेंब टाकला. कार्बोनेट असतं तर फसफसलं असतं. हा मुकाट्याने विरघळला. फॉस्फेट ओळखणारं मॉलिब्डेट टाकल्यावर द्रावण पिवळंधमक झालं. कॅल्शियम फॉस्फेट! पाणी पुरवणाऱ्यांनी आम्हाला महिन्याची सरासरी दाखवली होती. पहाटेच्या नमुन्यात फॉस्फेट आणि अमोनिया दोन्ही कितीतरी जास्त निघाले. याचा मला आजही राग येतो.

बुळबुळीचं मूळ अमोनियात होतं. 1 मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन संपवायला साधारण 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. आम्ही डोस देत होतो आणि जंतूंच्या वाट्याला मोकळा क्लोरीन उरतच नव्हता. पितळेच्या नळ्यांना तर अमोनिया चिरा पाडतो. आमच्या कंडेन्सरच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत, पण ऑइल कूलरमधल्या पितळी नळ्या आम्ही आधीच बदलल्या होत्या. ते फार बरं झालं.

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं पालो व्हर्दे अणुवीज केंद्र 1986 पासून अशाच पाण्यावर चालतंय. तिथे आलेलं पाणी आवारातच पुन्हा शुद्ध करतात: ट्रिकलिंग फिल्टरमध्ये (जिवाणूंचा थर असलेल्या भरावावरून पाणी झिरपवून) अमोनिया जातो, चुन्याने फॉस्फेट आणि कठीणपणा उतरतो. आम्हीही शेवटी तसंच केलं, लहान प्रमाणावर. त्यानंतरचे पाच महिने व्हॅक्यूम जागेवर आहे.

वास येतो, पण सवय होते. फेस कधीकधी बेसिनच्या कडेपर्यंत चढतो, मग अँटिफोम टाकावं लागतं. तुषारांच्या बाबतीत मात्र हयगय नको. लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू त्यांतूनच पसरतो, म्हणून तुषार अडवणाऱ्या ड्रिफ्ट एलिमिनेटरची एक पट्टी सुटलेली दिसली तरी मी त्याच शिफ्टमध्ये बसवून घेतो आणि टॉवरवर चढणाऱ्यांना मास्कशिवाय सोडत नाही.

मी परत नदीच्या पाण्यावर जाणार नाही. ते पाणी पिण्याचं आहे. तुम्ही करार करणार असाल तर सरासरीवर सही करू नका. महिनाभर दर चार तासांनी नमुने घ्या, पहाटेचेही, आणि ते आपल्याच प्रयोगशाळेत तपासा.