लीशवरचं पिवळं 'डू नॉट पेट' कव्हर : रंकाळ्यावर दोन महिने वापरून

449 ला दोन अशी ऑनलाइन मागवली होती. वीतभर लांब, वेलक्रोनं कुत्र्याच्या लीशवर, म्हणजे आपण हातात धरतो त्या पट्ट्यावर गुंडाळायचं, भडक पिवळं कापड आणि दोन्ही बाजूंना काळ्या अक्षरात इंग्रजीत 'डू नॉट पेट', म्हणजे कुरवाळू नका. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसंही एकच माल दहा नावांनी विकायला असतो. माल ठीकठाक आहे पण ज्या कामासाठी घेतला ते काम काही झालं नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी आमचं पात्र सांगते. लाडू, देशी, मादी, तीन वर्षांची. घरात एकदम लोणी, पण बाहेर पोरं धावत आली आणि वरून डोक्यावर हात आला की हिचं सगळं बिनसतं. आधी ओठावरून जीभ फिरवते, मग उगाचच जांभई देते, मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघते तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि तिथं मी थांबले नाही तर पुढं गुरगुर. शेपूट तेव्हाही हलत असते बरं का, आणि लोक तेवढंच बघतात. आजवर कुणाला चावलेली नाही, पण कधीच चावणार नाही असं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देणार नाही. त्यात नाव लाडू ठेवलं ही अर्धी चूक आमचीच, मी हाक मारली की चार पोरं "ए लाडूss" करत हजर.

तर पिवळ्याची कल्पना अशी की लीशवर पिवळं काही दिसलं की समोरच्यानं समजायचं, या कुत्र्याला जरा जागा हवी. 2012 पासून स्वीडन, कॅनडा वगैरेकडून ही पद्धत पसरलीय. तिकडं चालत असेल. आमच्याकडं पिवळं म्हणजे भंडारा, देवावर उधळतात ती हळद! पट्टणकोडोलीची जत्रा बघितलेल्या माणसाला पिवळा रंग 'लांब राहा' असं सांगेल का? पहिल्याच रविवारी संध्यामठाच्या बाजूला एका आज्जीनं लाडूला बघून हात जोडले, "खंडोबाचं हाय व्हय गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत नातवाला, "पाया पड बाळा". पोरगं लगेच वाकलंच पायाला, मी लाडूला मागं ओढली, आज्जी नाराज. कव्हर आणलं कशासाठी आणि झालं काय.

वाचणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. चौथी-पाचवीतला एकजण बोट ठेवून वाचतोय, "डू... नॉट... पेट", आणि मित्राला सांगतोय की हिच्या पोटाला हात लावायचा नाही, बाकी चालतंय. त्याचं काय चुकलं? शाळेत पेट म्हणजे पाळीव प्राणी आणि हिंदीत पेट म्हणजे पोट, कुरवाळणं कुठून कळणार त्याला.

पण खरा वैताग पोरांचा नाहीच. पोरं विचारतात तरी, "काकू, हात लावू?" मी नको म्हटलं की बहुतेक थांबतात, तोंड पाडतात, पण थांबतात. वैताग मोठ्यांचा. चौपाटीवर एक दादा, एका हातात कणीस, दुसऱ्या हातानं पोरीला पुढं ढकलतायत, "जा जा, काय करत नाही ते". अहो माझं कुत्रं काय करतं आणि काय नाही हे तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हटलं, दादा ती पोरांना घाबरते, नको. तर म्हणे "एवढं हाय तर बाहेर कशाला आणताय". उद्या नुसता दात लागला तरी जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा, मग सरकारी दवाखान्यात 0, 3, 7, 28 व्या दिवशी रेबीजच्या इंजेक्शनच्या फेऱ्या, तुमच्याच पोरीला. आणि माझ्या गळ्यात भारतीय न्याय संहितेचं कलम 291, पाळलेल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणाचं, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं मी तिथं बोलले नाही अर्थात, घरी येऊन भांडी घासताना बोलले.

मालाबद्दल. वेलक्रो घट्ट आहे पण केस धरून ठेवतो, दर आठवड्याला जुन्या टूथब्रशनं साफ करावा लागतो. तिसऱ्या धुण्यात 'नॉट' मधली अक्षरं उडाली आणि उरलं 'डू पेट'!! हसू नका, चार दिवस माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

शेवटी तालमीच्या फुटबॉल टीमच्या जर्सी छापणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदारानं आधी विचारलं टीम कुठली, मग नंबर किती टाकायचा. कुत्र्याचं आहे म्हटल्यावर दोन मिनिटं नुसताच बघत बसला. पण काम झकास केलं, लाल कापड, पांढरी मोठी अक्षरं, वरच्या ओळीत 'हात लावू नका', खाली 'मी घाबरते'. 150 रुपये घेतले. दुसरी ओळ त्याच्या बायकोनं सुचवली, म्हणाली नुसतं 'नका' लिहिलं की पोरं मुद्दाम लावत्यात.

बाई बरोबर होती. गेल्या रविवारी तीन पोरं सायकली टाकून आली, त्यातल्या मोठ्यानं जोरात वाचलं, "मी घा-ब-र-ते", आणि लगेच आवाज खाली करून बाकीच्यांना, "ए लांबनं बघ, ती घाबरत्या". तिघं दहा फुटांवर उकिडवी बसली. लाडूनं जमीन हुंगली, जांभई नाही, काही नाही, माझ्या पायाला टेकून बसली. पाचेक मिनिटांनी पोरं आपणहून गेली, जाताना टाटा पण हळूच केला.

ऑनलाइनवाल्याला पाचपैकी दोन स्टार, तेही वेलक्रोसाठी. पाकिटातलं दुसरं कव्हर अजून कोरं आहे, ते आमच्या ह्यांनी प्रवासाच्या बॅगेच्या हँडलला लावलंय, विमानतळाच्या पट्ट्यावर बॅग लांबूनच ओळखू येते म्हणे.