अडीच वर्षांच्या पोरीला जिम्नॅस्टिक्ससाठी कुठे घालायचं?
जाऊबाईंची पोर अडीच वर्षांची, सोफ्यावरून कोलांट्या मारते. नागपुरात धरमपेठेतला एसीवाला टॉडलर जिम (चिमुकल्यांचा जिम) की घराजवळची व्यायामशाळा, हा त्यांचा घोळ.

पैशात व्यायामशाळा कितीतरी स्वस्त. पण तिथल्या मोठ्या बॅचमध्ये चिमुकल्यांना पाळीची वाट बघत बसावं लागतं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली, पारा ४५ च्या आसपास... नको रे बाप्पा! जिममध्ये आई सोबत, फोमचे ठोकळे, बुटका बीम (तोल सांभाळत चालायची पट्टी). गाद्यांच्या सांध्यात फट आहे का, तेवढं पायाने दाबून बघा; पाय तिथेच मुरगळतो. जिमच्या जाहिरातीतला 'मेंदूचा विकास' पत्रकावरच राहू द्या. स्प्लिटसाठी (दोन्ही पाय पूर्ण फाकवून बसण्यासाठी) कुणी पोरीचे पाय दाबत असेल, तर दोन्हीकडून उठाच.

तर तीनच्या आतल्यांना जिममधला आईसोबतचा वर्ग, तोही महिन्याच्या फीवर. सहाची झाली, शिस्त झेपू लागली, की व्यायामशाळा.