जळगावातलं जुन्या बाइकवाल्या कपड्यांचं दुकान

जळगावला गोलाणी मार्केटच्या बाजूला एका छोट्या दुकानात जुन्या बाइकवाले टीशर्ट आणि जॅकेट मिळतात, एनफिल्ड, जावा, येझदी, राजदूत सगळं आहे आणि कॉटन एकदम भारी, धुऊनही प्रिंट जशीच्या तशी. पण छापताना माहिती तरी बरोबर छापा ना भाऊ! जावाच्या टीशर्टवर 'म्हैसूर १९२९' लिहिलंय. अरे १९२९ ला जावा प्रागमध्ये सुरू झाली, म्हैसूरच्या कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या त्या १९६१ मध्ये, ज्याच्या घरी वडिलांची जावा होती त्याला हे खटकणारच.

काळं जॅकेट मात्र मला फार आवडलं. तिरकी चेन, रुंद कॉलर, हा कट न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटने १९२८ मध्ये बाइकवाल्यांसाठी काढलेल्या 'परफेक्टो'चा, चेन तिरकी असल्यामुळे पुढे वाकून बसलं तरी पोटाला टोचत नाही आणि पदर एकावर एक येतो म्हणून वारा आत शिरत नाही. इथलं रेक्झिनचं आहे, लेदर नाही, दुकानदार स्वतःहून सांगतो हे बरं वाटलं. आपल्याकडच्या मे महिन्यात विचारही करू नका, थंडीत पहाटे पाटणादेवीला गाडीवर जायचं असेल तर बिनधास्त घ्या.