रूरलचे तीन महिने कुठे काढावेत: व्हॅन, पीएचसी की ग्रामीण रुग्णालय?

डेंटल कौन्सिलच्या २००७ च्या नियमावलीत बीडीएसच्या इंटर्नशिपच्या बारा महिन्यांपैकी तीन महिने पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीला, म्हणजे आपल्या भाषेत ‘रूरल’ला दिलेले आहेत. ओरल सर्जरीला दीड, प्रोस्थोला (कवळी, क्राउन) दीड, कॉन्झर्व्हेटिव्हला (दात भरणं, रूट कॅनाल) एक. एवढा सलग वेळ दुसऱ्या कुठल्याच विभागाला नाही. तरी पोस्टिंगची यादी लागायच्या आधी मला फोन येतात ते एकच विचारायला, “मॅडम, कुठे सुट्टी मिळेल?” एमडीएसची नीट (प्रवेश परीक्षा) डोक्यावर असते, ते मला कळतं. पण या तीन महिन्यांत जे शिकायला मिळतं ते पुढे खासगी दवाखान्यात पैसे मोजूनही मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी स्वतः बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दंत शल्यचिकित्सक आहे. त्यामुळे माझा कल कुठे असणार, हे आधीच सांगितलेलं बरं. माझी इंटर्नशिप मात्र नांदेडकडच्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि कॉलेजच्या व्हॅनवर झाली.

व्हॅनचं आधी उरकते. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी या गावांत आपली डेंटल कॉलेजं आहेत, आणि कॉलेजच्या व्हॅनवर पोस्टिंग मिळालं की सगळ्यांना हायसं वाटतं. बरोबर सर असतात, खुर्ची आणि कंप्रेसर गाडीतच असतो, संध्याकाळी हॉस्टेलवर परत. झेडपीच्या शाळेत नाहीतर मारुतीच्या सभामंडपात शिबिर लागतं आणि दिवसभरात शेकडा तोंडं बघून होतात. डीएमएफटी, म्हणजे किडलेले, गेलेले आणि भरलेले दात, भराभर मोजायला हात बसतो. पण तो पेशंट पुन्हा दिसत नाही. एका शिबिरात आम्ही एका आजींची दाढ काढली. कापूस दाबून धरा, चूळ भरू नका, सगळं सांगितलं. रात्री रक्त सुरू झालं आणि घरच्यांनी त्यांना जीपमधून तालुक्याला नेलं. आम्हाला हे कळलं पंधरा दिवसांनी, तेही शाळेच्या गुरुजींकडून. आजींना उच्च रक्तदाब होता आणि आम्ही तो मोजलाच नव्हता. चूक आमची होती. पण शिबिराच्या घाईत अशी चूक सहज होते आणि झालेली चूक कळतही नाही. व्हॅनवर आठ-दहा दिवस पुरेत. तीन महिने तिथेच काढू नका.

आता पीएचसी. सपाट भागात साधारण तीस हजार लोकसंख्येला एक, असा निकष आहे. तिथे बहुतेक ठिकाणी दातांचा डॉक्टर नसतो, खुर्चीही नसते. एक स्टूल, माउथ मिरर, प्रोब आणि मोबाइलचा टॉर्च. हाताला काम हवं असणारी मुलं इथे आठवड्यात कंटाळतात. मीही कंटाळले होते. मग एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांनी मला नऊ तारखेला बसवलं. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी असते. पोरीबाळी रांगेत बसलेल्या, प्रत्येकीच्या हिरड्या सुजलेल्या, आणि बोटाला मिसरीचा काळा डाग. “मिसरी लावल्याशिवाय कळा थांबत न्हाईत,” असं एक जण म्हणाली. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काळं बोट घेऊन आली. तिसऱ्या महिन्यात आशाताईंनी तिच्या सासूला समजावलं, कारण मिसरीची डबी सासूची होती. डबी घरात कुणाच्या हातात आहे हे आशाताईंना ठाऊक होतं, मला नव्हतं.

किनवटकडे गेलात तर मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतील. ती कीड नव्हे, आणि घासून जातही नाही. पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम धरली जाते, त्या भागातल्या काही बोअरचं पाणी त्याच्या वर जातं. तिथे दात बघायच्या आधी “पाणी कुठल्या बोअरचं पिता?” हे विचारावं लागतं, आणि लहान भावंडं अजून तेच पाणी पितात का, हेही. कॉलेजच्या ओपीडीत हा प्रश्न माझ्या तोंडी कधीच आला नसता.

शाळेतलं कामही पीएचसीतूनच नीट होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, त्यांच्याबरोबर जा. पहिली-दुसरीच्या पोरांना ओळीत बसवून सगळ्यात मागची दाढ बघा. सहाव्या वर्षी येणारी ती कायमची दाढ असते, पण आई ठामपणे सांगते, “दुधाचीच हाय, पडून जाईल.” मी आरसा आईच्या हातात द्यायचे आणि पुढून मोजायला लावायचे: ही सहावी, ही पोरगं म्हातारं होईपर्यंत राहायची. कीड थोडी असेल तर वीज नसताना नुसत्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरता येतं. शाळेच्या बाकावर, खिडकीच्या उजेडात. हे ज्याला जमलं त्याला पुढे भारनियमनाची भीती नाही.

ग्रामीण रुग्णालयाचं सगळंच निराळं. तीस खाटा, खाली साधारण चार-पाच पीएचसी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पैशाचा अडसर गेला तरी वेळेचा राहिला, आणि आमच्या भागात वेळ ठरवतो तो ऊस. दिवाळीच्या तोंडावर एक बाई आली. खालची दाढ, नस उघडी पडलेली, पण दाढ वाचण्यासारखी. पाठवते वरच्या दवाखान्यात, रूट कॅनाल होईल, दोन-तीनदा जावं लागेल, असं सांगत होते. तिने पदर तोंडाला लावला. “काढूनच टाका म्याडम. परवा टोळी निघायलीय. तिकडं फडात दुखलं तर कुठं जाऊ?” मुकादमाची उचल घरात खर्च झालेली, गाडी ठरलेली. दाढ काढली. तेव्हापासून माझ्या केस पेपरवर पहिला प्रश्न असतो, गावात किती दिवस आहात? इंटर्नना मी हाच आधी शिकवते. उपचाराचा आराखडा पुस्तकातून येतो आणि या उत्तरापाशी बदलतो. गुढीपाडव्यानंतर ती बाई परत आली, दुसऱ्या बाजूची दाढ दुखायच्या आधी दाखवायला. त्या खेपेला वेळ होता.

हाताला कामही इथेच. लिग्नोकेनचा ब्लॉक, म्हणजे जबडा बधिर करणारं इंजेक्शन, रोज द्यावा लागतो. अर्ध्यावर मोडलेलं मूळ, गळवाचा निचरा, अक्कलदाढेची सूज, सगळं येतं. शेजारच्या खोलीत फिजिशियन नसला तरी एमओ असतो. साखर तीनशे निघाली तर आज दाढ काढायची की नाही हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. आणि तोंड न उघडणारी पोरं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी विशीतला मुलगा येतो आणि तीन बोटं सोडा, दोन बोटं तोंडात जात नाहीत. आतून गाल पांढरा पडून ताठरलेला. पहिल्या दिवशी दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा मोजा. पुडी सोडली की नाही, हे विचारायच्या आधी मापातून थोडं कळतं. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर बायोप्सीसाठी चिठ्ठी द्या आणि तो गेला का, हे फोन करून विचारा.

उणिवाही आहेत. रूट कॅनाल, कवळी, क्राउन इथे जवळपास होत नाही. बऱ्याच ठिकाणी दातांचा एक्स-रे नसतो. सिमेंट संपलं की मागणीपत्र जातं आणि आपण वाट बघतो. खुर्ची बंद असेल तर तीन महिने कागद भरण्यात जातील.

म्हणून माझं मत असं: कॉलेज ऐकत असेल तर एकाच तालुक्यातली पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालय, दोन्ही मागून घ्या. निम्मे दिवस इथे, निम्मे तिथे. शाळेत ज्या पोराची दाढ किडलेली दिसली तेच पोर बाजारच्या दिवशी आईचं बोट धरून तुमच्याच खुर्चीवर येतं. एकच निवडायचं असेल आणि हात कच्चा वाटत असेल, तर ग्रामीण रुग्णालय. हात बसलेला असेल, किंवा पुढे पब्लिक हेल्थमध्येच एमडीएस करायचं मनात असेल, तर बेधडक पीएचसी.

निवडण्याआधी तिथल्या सिस्टरांना फोन करा, कॉलेजच्या यादीवर विसंबू नका. खुर्ची आणि कंप्रेसर चालू आहे का, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) दातांच्या हत्यारांना रोज मिळतो की बाळंतपणातून उरला तर, दंत डॉक्टर किती वार हजर असतात, शेवटची एसटी किती वाजता. मुलींनी राहायच्या खोलीला आतून कडी आहे का आणि रात्री आवारात मावशी असतात का, हे नि:संकोच विचारावं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींसाठी मी ती खोली आधी स्वतः उघडून बघते.