एबीसी की रिंगवालं? पहिलं ग्लो इंजिन घेताना

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आटपून मॉडेल विमानं उडवायच्या मैदानावर आलं की आपल्या इंदूरच्या नव्या पोरांचा हाच प्रश्न असतो, ४० किंवा ४६ साइजचं (म्हणजे ०.४० किंवा ०.४६ घनइंच) पहिलं ग्लो इंजिन, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं, घ्यायचंय, एबीसी घेऊ का रिंगवालं. दोन्ही चांगलीच, पण रन-इन, म्हणजे नवं इंजिन चालवून भाग बसवणं, दोघांचं अगदी उलट आणि तिथेच चांगली इंजिनं वाया जातात.

एबीसी म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी), आतून क्रोम. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, म्हणून थंड असताना प्रॉप (पंखा) हाताने फिरवला की पिस्टन वर जाऊन घट्ट अडकतो. घाबरू नका, ते तसंच हवं, गरम झाल्यावर वरचं टोक फुगतं आणि फिट जमतो. म्हणून याला निडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) फार उघडी ठेवून थंडगार चालवायचं नाही. मी माझं पहिलं, जपतोय असं समजून, चार टाक्या तसंच चालवलं, मफलरमधून काळपट तेल येत राहिलं आणि कॉम्प्रेशन गेलं ते गेलंच, अजून हळहळ वाटते. प्रॉप थोडा छोटा लावा, आवाज जास्त इंधनाच्या फोर-स्ट्रोकसारख्या घरघरीतून टू-स्ट्रोकच्या स्वच्छ सुरात जायच्या बेतात असतो ना, तिथे निडल ठेवा, मधे पूर्ण गार होऊ द्या. दोन-तीन टाक्यांत काम होतं. डिसेंबरात मी आधी हेअर ड्रायरने हेड कोमट करून घेतो.

रिंगवाल्याला, म्हणजे पिस्टनवर सीलसाठी रिंग असते त्याला, घाई चालत नाही. रिंग घासून बसायला वेळ लागतो, निडल उघडी, दोन-तीन मिनिटं चालवा, गार करा, परत चालवा, तासभर तरी जातोच. इंधनात एरंडेल तेल असू द्या. पण रिंग झिजली तर नुसती रिंग बदलते, एबीसीत पिस्टन-स्लीव्हची जोडीच घ्यावी लागते, आणि मे महिन्यातली आपली धूळ तुम्हाला माहितीये.

मी तरी नव्या माणसाला एबीसीच सांगेन, वेळ कमी लागतो. धीर असेल, मैदान धुळीचं असेल तर रिंगवालं.

ट्युनिंग दोघांचं सारखंच. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, हवा विरळ, त्यामुळे मुंबईची सेटिंग इथे रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) पडते, निडल जराशी बंद करावी लागते. फुल थ्रॉटलला पीक, म्हणजे सर्वात जास्त फेरे, शोधा, तिथून निडल दोन-तीन क्लिक उघडा. मग कुणाला तरी विमान घट्ट धरून नाक सरळ वर करायला सांगा, आवाज किंचित चढला तर बरोबर, पडला तर निडल अजून उघडा.