काट्याचं गेज की मायक्रॉन गेज? स्प्लिट एसीचं व्हॅक्यूम तपासताना

मुंबईत व्हॅक्यूम मारताना, म्हणजे गॅस सोडण्याआधी एसीतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढताना, गेजचा काटा पाऱ्याच्या ३० इंचांच्या जवळ टेकतो. पुण्यात तोच काटा, तोच पंप, आणि गाडी २८ वर अडते. मग पंपाचं तेल बदला, पाइप बदला, शेवटी पंपच दुरुस्तीला! पंप बिचारा ठीक असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथल्या हवेचा दाबच पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास. त्याहून जास्त काटा दाखवणार कुठून?

मॅनिफोल्डवरचं (पंप, गॅस आणि एसी एकत्र जोडायचा व्हॉल्व्हचा संच) काट्याचं गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब सांगतं. मायक्रॉन गेज आत किती दाब उरलाय तेच मोजतं, मायक्रॉन या बारीक मापात, गाव कुठलंही असो. पाऱ्याचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. आत ५,००० उरलेत की ५००, हा फरक काट्यावर पाव इंचाचाही नाही, डोळ्याला दिसतच नाही. पण एसीचं आयुष्य त्याच फरकात आहे. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधलं तेल ओलावा ओढून घेतं, त्यातून पुढे आम्ल तयार होतं.

मायक्रॉन गेजची खरी किंमत पंप वेगळा केल्यावर कळते. ५०० च्या खाली गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं आकडा बघत राहा. थोडा वर येऊन ५०० च्या आसपासच थांबला तर काम झालं. चढत जाऊन हजार-दोन हजारावर स्थिरावला तर आत ओलावा आहे: कोरडा नायट्रोजन सोडून पुन्हा व्हॅक्यूम मारा. थांबायचं नावच घेत नसेल तर लीक. पाइपच्या जोडांवरचे फ्लेअर नट पुन्हा बघा, पण त्याआधी स्वतःचे पाइप आणि त्यांची रबरं तपासा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा लीक तिथेच सापडतो. काट्याचं गेज या तिन्ही वेळी ढिम्म उभं असतं.

पंप चालू असतानाच आकडा हजार-दीड हजारावर अडकला तर आधी पंपाचं तेल बघा. पावसाळ्यात ते लवकर दुधाळ होतं.

डिजिटल मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमचा सेन्सर असतो, मग वेगळं गेज कशाला? कारण तो सेन्सर पंपाच्या बाजूला, पाइपच्या अलीकडे बसतो. पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला, इनडोअरच्या कॉइलमध्ये काय उरलंय ते त्याला उशिरा कळतं. घरगुती स्प्लिटला सर्व्हिस पोर्ट (पंप-गेज जोडायचं तोंड) बहुधा एकच, म्हणून मी त्यातली पिन काढायचं टूल लावतो आणि मायक्रॉन गेज त्याच्या बाजूच्या तोंडावर बसवतो. टूलचा व्हॉल्व्ह बंद केला की पंप आणि पाइप दोन्ही बाजूला पडतात, उरतो फक्त एसी.

नायट्रोजनचा दाब आणि गॅसचं प्रेशर बघायला काट्याचं मॅनिफोल्ड लागतंच, ते तुमच्याकडे असेलच. म्हणून पुढचे पैसे महागड्या डिजिटल मॅनिफोल्डवर घालू नका. आधी साधं, वेगळं मायक्रॉन गेज आणि पिन काढायचं टूल घ्या. महिन्यातून एखादीच नवी फिटिंग करत असाल तरी माझा सल्ला हाच.

गॅस सोडण्याआधी मात्र गेजकडे जाणारी वाट बंद करून घ्या, प्रत्येक सेन्सर तो दाब सोसतोच असं नाही. आकडे उगाच उड्या मारायला लागले तर सेन्सरला तेल लागलंय, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या.